उपडं ताट

पेटी मी तीनदा बनवली.

पहिली प्लायवूडची होती, आत वर्तमानपत्रांचे थर. अठरा मिनिटांत ग्रेव्हीवर साय धरायला लागली. दुसरीत मी मासेमारीच्या जाळ्यांना तरंगायला लावतात ती जुनी बुचं चुरून भरली. ती बरी निघाली, पण झाकण घट्ट बसेना आणि वाफ निसटायची. तिसरी देवदाराच्या फळ्यांची केली. कोपरे एकमेकांत खाचा पाडून जोडले, एकही खिळा नाही, आणि आतून मेंढीचं कातडं लावलं, लोकर ताटाच्या बाजूला. ‘थ्री टाइड्स’ पबच्या ओट्यावरून ताट एक्काहत्तर अंशांवर निघायचं आणि वृद्धाश्रमात त्रेसष्टवर पोचायचं. मधे बसची बावीस मिनिटं आणि दोन्हीकडचं चालणं. मी स्वतः तापमापक घालून बघितलं होतं. इंग्लंडच्या हल शहरातल्या कुठल्याही सुतारानं याहून चांगली पेटी करून दाखवावी.

आणि ती पेटीच घात करत होती. हे कळायला आम्हाला आठ रविवार लागले.

पेटी विल्फ ऑम्ब्लरसाठी केली होती. विल्फ पंधराव्या वर्षी मासेमारीच्या ट्रॉलरवर चढला. तीन आठवडे समुद्रावर, आइसलंडच्या पलीकडे, आणि तीन दिवस घरी, अशी पंचवीस वर्षं. डेकवर अठरा अठरा तास उभं राहून मासे चिरायचे, दोरांवरचा बर्फ कुऱ्हाडीनं फोडायचा, नाहीतर जहाज वरच्या भारानं कलंडायचं. मी त्याच जहाजांची दुरुस्ती करायचो, गोदीतल्या सुतारखान्यात. नदीच्या मुखापलीकडे मी कधी गेलो नाही. विल्फ मला पहिल्यांदा भेटला तो भांडायला. त्याच्या झोपायच्या फळीला मी लावलेली कड लाटांत निसटली होती आणि तो दोन रात्री जमिनीवर झोपला होता.

“हे तू केलंस?” कड माझ्यासमोर आपटून तो म्हणाला.

“मीच.”

“मग पुढच्या खेपेला तू झोप तिथे.”

कड माझीच होती आणि कामही कच्चं झालं होतं. मी नवीन करून दिली. तेव्हापासूनची ओळख.

त्या तीन दिवसांत विल्फ घरी जेवायचा नाही. कोणीच खलाशी जेवायचा नाही. फिकट निळा सूट, दारात टॅक्सी, बाजूला फ्रेडा, आणि शहरातली जी खाणावळ सगळ्यात महाग ती. “तीन आठवडे मासे बघितले,” तो म्हणायचा, “आता मला ज्याला पाय होते असं काहीतरी खायचंय.” फ्रेडा हसायची. ती सुंदर होती असं नाही, पण तिचं हसू दोन टेबलांपलीकडे ऐकू जायचं. बाहेरच्या सगळ्या खाणावळींतले पदार्थ तिला तोंडपाठ होते. विल्फला मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात ताटं कुठल्या फडताळात असतात ते माहीत नव्हतं.

मग आइसलंडनं आपला समुद्र आमच्या जहाजांना बंद केला आणि आमचा धंदा बसला. विल्फ चाळिशीत किनाऱ्यावर आला आणि गोदामात हमाली करायला लागला. तेव्हापासून रविवारचं जेवण घरी. फ्रेडा रांधायची, तो खायचा. मूलबाळ नव्हतं. पस्तीस वर्षं दोघंच, समोरासमोर.

नंतर फ्रेडा विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग वर्ष. चहाची किटली तीनदा जळली, चौथ्यांदा पडदे पेटले. विल्फनं तिला हेसल रोडच्या टोकाच्या वृद्धाश्रमात ठेवलं. त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिला.

आश्रमात तिनं खाणं सोडलं.

एकदम नाही. सूप दोन चमचे, पावाची कड. बेआटा नावाची पोलंडची बाई तिचं सगळं बघायची. ती प्रत्येक गुरुवारी तिला वजनाच्या खुर्चीत बसवायची आणि आकडा दाराच्या आतल्या कागदावर लिहायची. शेहेचाळीस किलो. चव्वेचाळीस. साडेएक्केचाळीस.

“ती रविवारचं जेवण खाईल,” विल्फ म्हणाला. “ते कोणी नाकारत नाही. आजारी माणूसही नाही.”

आमच्याकडे हे खरं आहे. आठवडाभर कोण काय खातं ते कोणी विचारत नाही. पण रविवारी दुपारी गोमांसाचा भाजलेला तुकडा, चरबीत भाजलेले बटाटे, कोबी, गाजरं आणि भट्टीत फुगवलेलं पिठाचं खारं पुडिंग, एवढं नसेल तर त्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं.

विल्फला रांधता येत नव्हतं. ‘थ्री टाइड्स’ची मालकीण जॅनिस स्टॅदर्स हिला येतं. ती मुकी बाई नव्हे, पण रविवारी सकाळी बोलत नाही. पुडिंगचं पीठ पहाटे कालवून बाजूला ठेवते, चरबीतून धूर निघाल्याशिवाय साच्यात ओतत नाही, आणि भट्टीचं दार वेळेआधी कोणी उघडलं तर त्याला बाहेरचं दार दाखवते. मी माणसं कामावरून ओळखतो. जॅनिस कामाची बाई.

“फ्रेडासाठी?” ती विल्फला म्हणाली. “अरे राजा, विचारतोस काय? मात्र थंड नेलंस तर परत येऊ नकोस.”

म्हणून पेटी. जॅनिस ताट वाढायची, त्यावर दुसरं ताट उपडं ठेवायची, दोन्ही मिळून फडक्यात बांधायची आणि वर चार टोकांची गाठ. विल्फ ते पेटीत ठेवायचा, पेटी छातीशी धरायचा आणि बसमध्ये उभा राहायचा. बसला तर मांडीच्या उतारावर ग्रेव्ही कलंडेल, म्हणून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बावीस मिनिटं उभा.

दर रविवारी दुपारी तो रिकाम्या पेटीसह माझ्या दारात.

“खाल्लं?”

“नाही.”

“गरम होतं?”

“होतं.”

“किती?”

“रॉन, मी काय तिथे तापमापक घेऊन बसू? वाफ येत होती.”

“मग पेटीचा दोष नाही.”

“नाही. माझा असेल.”

मी तिसरी पेटी केली ती याच कारणानं. माणसाला काही करता येत नसेल तेव्हा तो हातातलं काम आणखी चांगलं करतो. जॅनिसनं मांस आणखी पातळ कापलं. विल्फनं हळदी रंगाची जुनी ताटं घरून आणली, ओळखीची म्हणून. कशाचा उपयोग झाला नाही. साडेएकोणचाळीस. अडतीस.

आठव्या आठवड्यात डॉक्टरांनी विल्फला बाजूला बसवलं. नळीनं भरवणं या अवस्थेत बरं नाही, म्हणाले. छत्तीसच्या खाली गेल्या तर मग त्यांना त्रास होऊ नये एवढंच बघायचं. विल्फनं मला हे जसंच्या तसं सांगितलं, आणि मग म्हणाला, “दोन किलो, रॉन. मी पंचाहत्तर किलोची टोपली दोन्ही हातांत धरून हलत्या डेकवर चाललोय. दोन किलो मला उचलता येईनात.”

पुढच्या रविवारी मी त्याच्याबरोबर गेलो. त्याचं मनगट सुजलं होतं, पेटी मी धरली. त्याआधी मी एकदाही गेलो नव्हतो. फ्रेडाला तसं बघायचं नव्हतं मला, हे खरं कारण.

ती खिडकीपाशी बसली होती. खांद्यांची हाडं स्वेटरमधून दिसत होती. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, जशी गल्लीतल्या कोणाकडेही हलवतात. विल्फकडे तिनं बघितलंच नाही.

विल्फनं गाठ सोडली. वरचं ताट उचललं. वाफ आली, वास आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. फ्रेडाच्याही सुटलं असणार, कारण तिनं गिळलं. मी तिचा गळा हलताना बघितला.

आणि मग तिनं विल्फच्या हातातलं उपडं ताट घेतलं आणि परत त्या जेवणावर ठेवलं. नीट, कडेला कड मिळवून. दोन्ही हातांनी उचललं, उठली, दोन पावलं टाकली आणि खिडकीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांवर ठेवून आली.

“अजून नाही,” ती म्हणाली.

“असंच करतात दर वेळी,” बेआटा म्हणाली. “अजून नाही, अजून नाही. आम्ही थांबतो. चार वाजता पुन्हा गरम करून आणतो. अजून नाही. एकदा मी चमचा तोंडाशी नेला तर थोबाडीत मारली मला. हातात जोर कुठून आला देव जाणे.”

“चव आवडत नाही तिला,” विल्फ म्हणाला.

मी असं झाकलेलं ताट याआधी बघितलं होतं.

माझी बहीण आयव्ही. तिचा नवराही ट्रॉलरवर. जहाज ज्या आठवड्यात यायचं त्या आठवड्यातल्या रविवारी आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई नवऱ्याचं ताट आधी वाढायची, वर दुसरं उपडं घालायची आणि उकळत्या भांड्यावर ठेवायची. जहाज भरतीवरच गोदीत शिरणार, आणि भरती कुठल्या वेळेची मिळेल ते कोण सांगणार? दुपारी येईल, रात्री येईल. तो येईपर्यंत त्या ताटाला कोणी हात लावायचा नाही. उघडून बघायचंसुद्धा नाही. उघडलं तर तो येत नाही, अशी समजूत. गाडीभर पुस्तकं वाचलेला माणूसही त्या गल्लीत ते ताट उघडायला धजला नसता.

आयव्हीचं ताट रविवारपासून शुक्रवारपर्यंत झाकलेलं राहिलं. जहाज आलं नाही. कुठलंच माणूस आलं नाही. ताट मात्र चुलीच्या कडेला तसंच, आणि घरात वास सुटलेला. शेवटी आईनं ती दोन्ही ताटं न उघडता, तशीच, परसातल्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन ठेवली. आयव्हीनं तिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं.

हे मला माहीत होतं. माहीत असून मी झाकणाची पेटी केली, आणि झाकण घट्ट बसतं म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

बसथांब्यावर मी विल्फला सांगितलं.

“कसलं ताट?” तो म्हणाला.

“तुझं. तू समुद्रावर असताना ती झाकून ठेवायची ते.”

“मी कधी बघितलं नाही.”

“तू कसं बघणार? तू दारात आलास की ते काम संपायचं. तू तर तिला टॅक्सीत घालून बाहेर न्यायचास. ते जेवण मागच्या दारानं मांजराला.”

बस आली. आम्ही चढलो नाही.

“म्हणजे ती उपाशी आहे,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि माझं ताट राखतेय.”

“हो.”

“आणि मी दर रविवारी तिला सांगतोय की उघड, खा.” त्यानं पेटी जमिनीवर ठेवली. “तिच्या हिशेबानं मी तिला काय सांगत होतो, रॉन? नवऱ्याला बुडव, असंच ना?”

मी पेटी उचलली.

सोमवारी बेआटानं जेवण उघड्या ताटात दिलं. फ्रेडानं वर पुठ्ठ्याचं शुभेच्छापत्र झाकलं आणि बाजूला ठेवलं. मंगळवारी मासिक. बुधवारी स्वतःचा रुमाल. कुठलंही ताट आलं की ते त्याचं. गुरुवारी वजन साडेछत्तीस.

“तिला बाहेर जेवायला नेतो,” विल्फ म्हणाला. “मी घरी असलो की आम्ही बाहेर जायचो. बाहेर आहोत म्हणजे मी आलोय. तिला कळेल.”

मला ते पटलं. आजही पटतं. विचार चुकीचा नव्हता, फक्त अर्धा होता.

रविवारी चाकांच्या खुर्चीतून तिला जुन्या शहरात आणलं. दगडी गल्ल्यांत ती खुर्ची ढकलणं म्हणजे काय ते ज्यानं ढकललीय त्याला विचारा. विल्फनं मला हात लावू दिला नाही. त्यानं फिकट निळा सूट घातला होता, खरोखरचा तोच, पन्नास वर्षांपूर्वीचा. कंबरेला बटण लागत नव्हतं, तिथे दोरी बांधली होती. जॅनिसनं खिडकीजवळचं टेबल राखलं होतं, आणि रविवार असूनही ती बोलली.

“ये गं माझी बाई. किती दिवसांनी!”

“गर्दी आहे आज,” फ्रेडा म्हणाली. “जहाजं आली वाटतं.”

विल्फनं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे चमकत होते.

जॅनिसकडे जुन्या घरांची रीत आहे. पुडिंग आधी, एकटं, पिठाचा फुगलेला सोनेरी वाडगा आणि आत कांद्याची ग्रेव्ही. मांस त्यानंतर. पुडिंग टेबलावर जो असेल त्याचं, ते कोणासाठी राखत नाहीत. फ्रेडानं काटा उचलला. कड मोडली. ग्रेव्हीत बुडवली. खाल्ली.

मी घास मोजले. अकरा. तिनं बोटानं ताट पुसलं आणि बोट चाटलं. स्वयंपाकघराच्या दारात जॅनिस फडक्यात तोंड खुपसून उभी होती.

मग मांसाची ताटं आली. तीन.

फ्रेडानं तिच्यासमोरच्या ताटाकडे बघितलं. मग मान वळवून जॅनिसला म्हणाली, “एक रिकामं ताट दे गं. झाकायला.”

जॅनिसनं विल्फकडे बघितलं.

“फ्रेडा,” विल्फ म्हणाला. त्यानं टेबलावरून हात पुढे केला. “मी आलोय. हा बघ मी. विल्फ. उघडं राहू दे, आलोय मी.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत. आणि हसली. तेच हसू, दोन टेबलांपलीकडे ऐकू जाणारं.

“तू? अरे म्हाताऱ्या, आरशात बघितलंस का? माझा विल्फ एकोणतीस वर्षांचा आहे. त्याच्या सुटाला दोरी लागत नाही.” ती माझ्याकडे वळली. “बघ रे, दोन घोट चढले की सगळे माझे नवरे.”

मागच्या टेबलावरचा कोणीतरी हसला. विल्फनं हात मागे घेतला. मला वाटलं तो उठून जाईल. मी गेलो असतो. तो गेला नाही. त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि पाठ सरळ केली.

“बरोबर आहे, बाई,” तो म्हणाला. “चुकलो. मी जहाज कंपनीच्या ऑफिसातून आलोय.”

तिचा चेहरा असा उतरला की मी तो विसरणार नाही. ओठ पांढरे पडले. विल्फला जहाज आल्याचं सांगायचं होतं; समुद्रावरचा माणूस, त्याला कुठून ठाऊक असणार? जहाज आल्याची बातमी गल्लीत पोरं ओरडत आणायची. टोपी काढून ऑफिसातला माणूस दारात यायचा तो एकाच कामासाठी, जहाज गेल्याचं सांगायला. आयव्हीच्या दारात आला होता. मी दार उघडलं होतं.

“नाही,” फ्रेडा म्हणाली. “नाही, नाही. मी उघडलं नाही. मी हात लावला नाही.” आणि दोन्ही पंजे त्या गरम ताटावर झाकणासारखे पसरले. ग्रेव्ही बोटांमधून वर आली.

“टोपी घाल!” मी विल्फवर ओरडलो. त्यानं घातली. मी तिची मनगटं धरली आणि डोक्यात पहिलं जे आलं ते बोललो. “जिवंत आहे तो, फ्रेडा! सगळे सुखरूप आहेत. धुकं होतं म्हणून जहाज ग्रिम्सबीला लागलं. तो तिकडेच जेवला.”

तिनं हात ढिले केले.

“कुठे?”

“ग्रिम्सबीला.”

नदीच्या मुखाशी, पलीकडच्या काठावर ग्रिम्सबी आहे, मासेमारीचं दुसरं बंदर. आमच्यात आणि त्यांच्यात काय आहे ते सांगायला वेळ लागेल. एवढंच, की हलची बाई नवऱ्याचा तुरुंग माफ करेल, ग्रिम्सबी नाही.

“जेवला? ग्रिम्सबीत?” तिच्या गालांवर रंग आला. “मी इथे ताट धरून बसलेय आणि हा ग्रिम्सबीत जेवतोय? तिथल्या बायका बटाटे उकडतात आणि त्यालाच भाजलेले म्हणतात!”

“हो ना,” मी म्हणालो.

“पोटभर जेवला का?”

मी विल्फकडे बघितलं. हे उत्तर मी देणं बरोबर नव्हतं.

“पोटभर,” विल्फ म्हणाला. “दोनदा घेतलं त्यानं.”

“मग हे कोणासाठी राखू मी? त्याच्या बापासाठी?”

तिनं काटा उचलला आणि मांसात खुपसला. रागानं खाल्लं. चावताना शिव्या देत होती, शिव्या देताना चावत होती. बटाटे, कोबी, गाजरं, सगळं. जॅनिसनं काही न विचारता आणखी दोन बटाटे आणून टाकले, तेही गेले. विल्फ समोर बसून बघत होता. त्याच्या ताटातली ग्रेव्ही जमून गेली.

“खा रे,” मी हळूच म्हणालो.

“घशाखाली जात नाही,” तो म्हणाला. “पण ती खातेय ना? मोज तू. माझ्या डोळ्यांना दिसत नाहीय.”

मी मोजायचं सोडून दिलं होतं.

गुरुवारी वजन साडेछत्तीसच होतं. खाली गेलं नव्हतं. त्यापुढच्या गुरुवारी सदतीसला थोडं कमी. विल्फनं बेआटाला सगळं समजावलं. आता प्रत्येक जेवणाच्या वेळी ती आधी सांगायची, “फ्रेडा, जहाज ग्रिम्सबीला लागलं. तो जेवला तिकडे.” पोलंडच्या बाईला ग्रिम्सबी हा शब्द नीट उच्चारता यायचा नाही, पण काम भागायचं. फ्रेडा शिव्या घालायची आणि खायची. रविवारी आम्ही तिला खुर्चीतून ‘थ्री टाइड्स’ला आणायचो. उन्हाळा संपेपर्यंत एक्केचाळीस झाली. डॉक्टर म्हणाले, असं सहसा होत नाही.

पण राग हा रोजचा खुराक झाला की तो मुरतो. सात आठवडे, दहा आठवडे, जहाज दर वेळी ग्रिम्सबीलाच. बाई खुळी होती, मूर्ख नव्हती.

“बाई ठेवलीय त्यानं तिकडे,” एका रविवारी ती मला म्हणाली. “मला माहितेय. लाल केसांची असणार.”

“तसं नाही गं,” मी म्हणालो.

“तू गप. तुम्ही पुरुष एकमेकांची पाठ राखता.” मग विल्फकडे बघून, “तू सांग म्हाताऱ्या. तू ऑफिसातला ना? खरं सांग.”

विल्फनं पंचवीस वर्षांत दुसऱ्या बाईकडे बघितलेलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. तीन आठवड्यांची सगळी कमाई, तीन दिवसांची सगळी मिजास तिच्यासाठी होती. त्यानं काटा खाली ठेवला. तो नाही म्हणाला तर ती पुन्हा वाट बघायला लागेल. वाट बघायला लागली की ताट झाकेल. आम्ही ते एकदा, ऑगस्टात, करून बघितलं होतं. तीन दिवस उपाशी राहिली.

“ऐकलंय मी तसं,” विल्फ म्हणाला.

“लाल केस?”

“लाल.”

ती मान हलवत राहिली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं, जसं खूप दिवस गळणाऱ्या छताचं भोक एकदाचं सापडल्यावर वाटतं. मग तिनं विल्फच्या ताटाकडे बघितलं. त्यानं काहीच खाल्लं नव्हतं. अलीकडे तो फारसं खात नव्हता. त्याचं वजन मात्र कोणी कागदावर लिहीत नव्हतं. सुटाला आता दोरी लागत नव्हती.

“तुझी बायको नाही का रे?” तिनं विचारलं.

“होती.”

“मग रांधतं कोण तुला?”

“कोणी नाही.”

तिनं तिच्या पुडिंगचा अर्धा भाग मोडला, ग्रेव्हीत बुडवला आणि त्याच्या ताटात ठेवला. आम्ही तिला इथे आणायला लागल्यापासून तिनं त्याला पहिल्यांदा काही दिलं होतं.

“खा. काड्या झाल्यात हातांच्या.” मग काटा त्याच्यावर रोखून, “आणि तो भेटला तुला ग्रिम्सबीत, तर सांग त्याला. फ्रेडानं ताट झाकायचं बंद केलंय म्हणावं. भरती येवो की ओहोटी. आता ती स्वतः खाते.”

“सांगतो, बाई,” विल्फ म्हणाला.

आणि तिनं दिलेला तुकडा त्यानं खाल्ला. सगळा. बोटानं ताट पुसून.